करंजाच्या बारा काड्या

गुढियारी मोहल्ल्यातल्या त्या करंजाखाली मुंगीला शिरायला जागा नव्हती. झाडच तसं होतं. रस्त्याकडची पानं लहान, जाड, चकाकती. गोदामाच्या भिंतीकडची पसरट, पातळ, काळपट हिरवी. एका बुंध्यावर जणू दोन झाडं! पानं पाहून कौल देणारे पत्तीवाले बाबा दोन हातांत दोन पानं नाचवत होते. "इधर देवी का वास, उधर टोनही की साँस," असं तालात घोळवत त्यांनी भिंतीलगतच्या घराकडे बोट केलं आणि लोकांनी माना डोलावल्या. टोनही म्हणजे चेटकीण, आणि त्या घरात वनमाला एकटी राहायची.

वनमाला रोपवाटिकेत रोजीनं कामाला जाई. तिनं बाबांचा ताईत बांधून घेतला नाही, म्हणून तिचं नाव निघालं. बाबांना दिव्यदृष्टी लागली ती एवढीच. पण बायांनी तिच्याशी बोलणं टाकलं, आणि मोहल्ल्याच्या बैठकीत ठरलं की तिनं घर सोडावं.

तिनं सोडलं नाही. भर बैठकीत तिनं बाबांना विचारलं, देवीच्या बाजूची फांदी दुसरीकडे लावली तर ती कोणाची? बाबा छाती काढून बोलून गेले, "जहाँ लगाओ, देवी की ही रहेगी." मग तिनं त्यांच्याच हातानं त्या बाजूच्या बारा काड्या तोडून घेतल्या, कुंड्यांत लावून दाखवायला. बाबांचे भक्त दयारामकाका मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. सील नसलेल्या मालावर त्यांचा जन्मात विश्वास बसला नाही. त्यांनी प्रत्येक काडीच्या बुडाशी सैल तार गुंडाळली आणि मालडब्याला लावतात तसं शिशाचं सील दाबलं. निकाल लागेपर्यंत वनमालाला कोणी हात लावायचा नाही, असंही त्यांनीच बजावलं.

चार महिन्यांनी बारा कुंड्या झाडाखाली आल्या. सहांची पानं लहान नि जाड, सहांची पसरट नि पातळ. बाबांनी पसरट पानांच्या कुंड्या काठीनं बाजूला सारल्या. या टोनहीच्या, हिनं कलमं बदलली, असं त्यांनी जाहीर केलं.

"काका, माती उकरा," वनमाला म्हणाली.

काकांनी माती सारली. बाराही सीलं निघाली, त्यांच्याच ठशाची, एकही न तुटलेलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं, तेव्हा बाबांचा ताल पार चुकला होता.

"सहा उन्हात ठेवल्या, सहा हिरव्या जाळीखाली. दुसरं काहीच नाही केलं मी," वनमाला सांगू लागली. "बाराही एकाच झाडाच्या, जीन एकच. दोन्ही तऱ्हेचं पान काढायची अक्कल त्यातच रायते. ऊन भेटलं तर झाड जाड पान काढते. सावली भेटली तर पसरट काढते, थोड्या उजेडातही भागावं म्हणून. जंगलातले झाडं हेच करून जगून राहिले. हे गोदाम तीन वर्षाआधी उभं झालं, तवापासून या बाजूले ऊनच नाही."

बाबा झोळी आवरू लागले. वनमालानं वाट अडवली.

"नाव सगळ्याइसमोर घेतलं, सगळ्याइसमोर परत घ्या. नाही तर ठाण्यात चला. टोनही म्हणणं गुन्हा हाये."

बाबांनी हात जोडले. ही टोनही नाही, असं ते म्हणाले आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. गर्दी पांगू लागली तशी ती लोकांकडे वळली.

"हा उद्या दुसऱ्या मोहल्ल्यात जाईन, दुसऱ्या बाईचं नाव घेईन. तवा डोकं हलवायच्या आधी मान वर करून पाहा, सावली कुठून पडून राहिली. विचारल्यानं कोणती देवी कोपत नाही. तुम्ही नाही विचारलं, तर बाईचा जीव जाते."