मापाचा ब्लाउज

राजेश्रीचा ब्लाउज तिच्या मायनंच शिवायचा, हा पेडगावच्या त्या घरातला कायदा होता. दुसऱ्या कुणाला पाठ दाखवायची नाही, लग्नकार्यात बायकांसोबत न्हायला बसायचं नाही, पदर कायम दोन्ही खांद्यांवरून. कस्तुराबाईनं हे सगळं लेकीला तेराव्या वर्षीच घोटून पाजलं होतं, कारण तेव्हाच पोरीची पाठ एका अंगाला वळायला लागली होती. उजवी बाजू वर आलेली, डावा खांदा उतरलेला. शाळेत आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, परभणीला न्या. कस्तुराबाई म्हणाली, "नेते की!" आणि घरी येऊन मशीनवर बसली.

बरं, बाईचा हात तरी कसला! डाव्या खांद्यात चिंध्यांची गादी, उजवीकडं कापड सैल, बाहीचा एक मुंढा वर, एक खाली. असा ब्लाउज घातला की राजेश्री नीट सरळ दिसायची. गावात कुणाच्या बापाला कळलं नाही, अशी मायलेकींची खात्री होती. लग्नाचा विषय मात्र मायनं कधी निघू दिला नाही. तो निघाला असता तर पाठही उघडी पडली असती ना.

गेल्या साली माय गेली. तिनं शिवलेले ब्लाउज राहिले, पण कापड काय जन्माला पुरतं? राजेश्री गावातल्याच अंगणवाडीत मदतनीस, दिवसभर झाडझूड आणि खिचडी. एकेक ब्लाउज काखेत विरत गेला आणि धड असा हिरवा एकच उरला. तिनं स्वतः मशीनवर बसून बघितलं, पण आपलीच पाठ आपल्याला मापता येते होय? कापड वाया गेलं. "माय, जरा धर गं," असं तोंडातून निघून जायचं आणि मग घर आणखीच मोठं वाटायचं.

आता बायकांची एक सोय असते. अंगाचं माप द्यायचं नसलं की जुना ब्लाउज मापाला द्यायचा, शिंपीण त्यावरून बेतते. राजेश्रीनं तेच ठरवलं. गावातली शिंपीण नको, तिनं ओळखलं तर चव्हाट्यावर येईल. म्हणून काळीपिवळीत बसून ती परभणीला गेली आणि धम्मशीला नावाच्या शिंपिणीपुढं हिरवा ब्लाउज ठेवला. "याच मापाचा," एवढंच बोलली. असाच का, हे सांगायची छाती झाली नाही, आणि तिथंच घोळ झाला.

कारण पुढच्या बाजारी नवा ब्लाउज आणून घातला, तर डावा खांदा ओघळला आणि उजवीकडं कापड ताणून फुगवटा उठून दिसायला लागला. तिनं घाबरून हिरवा बाहेर काढला. त्यातली गादी गायब! मुंढे बरोबरीला आणलेले, मायची शिलाई उसवून दोन्ही बाजू सारख्या केलेल्या. राजेश्री तो मांडीवर घेऊन रडली. माय गेली तेव्हा सोबत रडायला माणसं तरी होती.

दुसऱ्या दिवशी ती तावातावानं धम्मशीलेकडं गेली. "तुमाला कुणी सांगितलं होतं जुन्याला हात लावायला?"

"अवो ताई, किती कच्च्या हाताचं काम ते!" धम्मशीला म्हणाली. "खांद्यात चिंध्या कोंबलेल्या! म्हणलं, बिचारीला फसवलंय कुणीतरी. फुकट नीट करून दिला, अन् तुमीच भांडायलात?"

"माझ्या मायचा हात कच्चा?" राजेश्रीनं पदर ओढून काढला. "तिनं नीटच शिवलं होतं. मीच वाकडी हाय!"

बोलून गेली आणि तिची तीच दचकली. धम्मशीलेनं मशीन थांबवलं, दाराचा पडदा ओढला आणि तिच्या पाठीवरून हलकेच हात फिरवला. च्च केलं नाही की हळहळली नाही. "दुखतं का वो ताई?" एवढंच विचारलं.

हे तर मायनंसुद्धा कधी विचारलं नव्हतं. "रोज," राजेश्री म्हणाली.

धम्मशीला दुकान बंद करून तिच्यासोबत दवाखान्यात गेली. एक्स-रेच्या फोटोत कणा दोनदा वळला होता आणि वळता वळता पिळला होता, म्हणून एकीकडच्या फासळ्या वर आल्या होत्या. घागरी वाहून असं होत नाही, कुणाच्या पापानं होत नाही, डॉक्टरीणबाई सांगत होत्या. वाढत्या वयात होतं, आणि बहुतेकदा का झालं तेही कळत नाही. "तेव्हाच आणलं असतं तर पट्टा लावून बाक वाढायचा थांबवता आला असता. आता हाडं पक्की झालीत. व्यायाम करा, दुखणं कमी होईल."

घरी येताना राजेश्रीला मायचा सणकून राग आला. माय असती तर भांडली असती, दोन दिवस अबोला धरला असता. मेलेल्या माणसाशी अबोला कसा धरायचा?

धम्मशीलेनं नवा ब्लाउज अंगावरून माप घेऊन शिवला, बिनगादीचा. तो कुठंच काचत नव्हता. पदर एकाच खांद्यावर घेऊन राजेश्री अंगणवाडीत गेली. शेजारच्या चतुराबाई नातीला सोडायला आल्या होत्या. राजेश्री त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"काकू, माझी पाठ वाकडी हाय."

"आता गं बाई! ते काय आमाला म्हाईत न्हाई व्हय?" काकू म्हणाल्या. "तू शाळंत जायचीस तवापासून अख्ख्या गावाला म्हाईत हाय. कस्तुराला वाईट वाटंल म्हणून कुणी तोंड उघडलं न्हाई. लय जपायची ती तुला."

सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या लग्नात हळदीला सगळ्या बायका अंगणात हसत होत्या आणि ती घरात दार लावून बसली होती, तेव्हाही माहीत होतं.

"लय दुखायचं, काकू," ती म्हणाली. "इतकी वर्षं. एकटीलाच."

काकू नातीच्या डोक्यावरून नुसता हात फिरवत राहिल्या. आत खिचडी शिजली होती, पातेलं उतरवायचं होतं. राजेश्रीनं एका बाजूनं फडक्यानं ते धरलं आणि दुसरं फडकं काकूंपुढं केलं.

"धरा जरा तिकडून," ती म्हणाली. "मला एकटीनं उचलत न्हाई."