दाखल्यावरचं ‘आणि’

माझी थोरली बहीण टिली हिने अडुसष्टाव्या वर्षी ट्रेलर विकत घेतला. एकोणीस फुटी, पांढरा, अंगावरून तपकिरी पट्टा गेलेला. आत एक पलंग, दोन शेगड्या, जेवायला छोटं टेबल आणि वळलं की कोपर भिंतीला लागेल एवढी न्हाणी. लाइल ब्रँडव्होल्ड नावाच्या गुरंवाल्याने रविवारी तो आपल्या गाडीला जोडून तिच्या अंगणात आणून लावला, चेक खिशात घातला आणि गेला. मी पलीकडच्याच गल्लीत राहते. कळलं तशी पायातल्या सपातांनिशी बघायला धावले.

"आणि हा ओढणार कोण?" मी विचारलं.

"मी."

"अगं, ॲम्ब्रोजचा पिकअप तुला दुकानासमोर सरळ लावता येत नाही."

"दुकानासमोर जागाच कुठे असते," टिली म्हणाली आणि आत जाऊन शेगडी घासायला लागली.

ॲम्ब्रोज म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. माणूस सोन्यासारखा, पण सुट्टी म्हणजे छपराचे पत्रे बदलायचे दिवस, अशी त्याची समजूत. टिली एकोणतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. अर्ध्या गावाने तिच्या हातचं खाल्लंय, पण ती स्वतः गावाबाहेर फार तर लग्नाला नाहीतर मयताला गेलेली. मार्चमध्ये तिने कुणाला न विचारता एक अर्ज केला. डोंगरातल्या सरोवराकाठी राज्याचा तंबूतळ आहे, तिथे उन्हाळाभर यजमान म्हणून राहायचं. येणाऱ्यांना जागा दाखवायची, सरपण विकायचं, रात्री दंगा करणाऱ्यांना गप्प करायचं. बदल्यात पाण्यालगतची जागा, वीजपाणी फुकट. अट एकच. ट्रेलर स्वतःचा हवा, रीतसर नोंदवलेला, मागे नंबरपाटी लावलेला. तळ मे महिन्यात उघडणार होता, ट्रेलर आला त्या रविवारनंतरच्या शनिवारी. दुपारी बारापर्यंत आला नाहीत तर यादीतलं पुढचं जोडपं बोलावू, असं तिथल्या रेंजरने बजावलं होतं.

मंगळवारी सकाळी ट्रेलर टिलीच्या नावावर करायला आम्ही कोर्टहाउसमध्ये गेलो. खिडकीत मारिसेला पाचेको होती. शाळेत असताना हिला टिली मक्याची पोळी दोनदा वाढायची, म्हणून चाळिशी उलटली तरी ती तिला मिस टिलीच म्हणते. तिने मालकीचा दाखला उलटसुलट पाहिला, मग चष्मा काढून पाहिला.

"मिस टिली, यावर दोन नावं आहेत. लाइल ब्रँडव्होल्ड आणि कोरीन ब्रँडव्होल्ड. सही आणि नोटरीचा शिक्का एकट्या लाइलचा."

"कोरीन त्याची बायको होती. सोडून गेली, सहा वर्षं झाली."

"ते खरं. पण नावांच्या मध्ये ‘आणि’ छापलंय. ‘किंवा’ असतं तर एकाची सही चालली असती. ‘आणि’ असलं की दोघांची लागते, तीही नोटरीसमोर." ती खरंच ओशाळली होती. "हे मी चालवून घेतलं, तर उद्या तुमचा ट्रेलर तुमचा राहणार नाही."

टिलीने तिथल्या तिथे लाइलला फोन लावला. मी कान लावून उभी होते.

"कोरीन?" लाइल म्हणाला. "ती माझ्यासाठी कागदावर साधी रेघ ओढायची नाही, बाई. मी तुमचा चेक अजून वटवलेला नाही. परत घ्या, ट्रेलर मी घेऊन जातो."

"मला चेक नको. ती राहते कुठे तेवढं सांग."

गाव एकशे दहा मैलांवर होतं. कोरीनचं तिथे केस कापायचं दुकान होतं. माझ्या गाडीने दुपारी दोनला पोचलो. कोरीन साठीची, किडकिडीत, मान ताठ. एका बाईचे केस रंगवता रंगवता तिने सगळं ऐकून घेतलं आणि आरशातूनच उत्तर दिलं.

"नाही."

"मी लाइलसाठी नाही मागत," टिली म्हणाली. "माझ्यासाठी मागते."

"मागणारी तू असशील. विकणारा तोच ना? मला न विचारता." तिने ब्रश वाटीत टाकला. "तो ट्रेलर मी निवडला होता. पडदे मी शिवले. पहिल्या उन्हाळ्यात समुद्र बघायला जायचं ठरलं होतं. मग गवत कापायचं निघालं, मग गाई व्याल्या, मग त्याचा गुडघा. आठ वर्षं तो कोठाराच्या भिंतीला टेकून उभा होता. तो ट्रेलर चालताना मी एकदाही पाहिलेला नाही."

खुर्चीतली बाई डोक्यावरचा रंग विसरून वळून बघायला लागली.

"ओढणार कोण आहे?" कोरीनने विचारलं.

"मी," टिली म्हणाली.

कोरीनने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. टिली पाच फूट एक इंच. "मग तो इथे घेऊन ये. माझ्या दारात. स्वतः ओढत आण. मग सहीचं बघू."

परतताना मी तोंडाला कुलूप घालायचं ठरवलं होतं, ते वीस मैल टिकलं. "टिली, चेक परत घे. त्या रस्त्याला वारा कसा असतो ते तुला माहितीये. भरलेले ट्रक आडवे होतात तिथे."

"भरलेले नाही, रिकामे," टिली म्हणाली. "मी पाण्याची टाकी भरून घेईन."

बुधवारी मारिसेलाने तिला तीन दिवसांचा तात्पुरता परवाना दिला. तो कागद ट्रेलरच्या मागच्या काचेला आतून चिकटवला आणि टिलीने पिकअप जोडला. दिवसभर ती शाळेमागच्या मोकळ्या पटांगणात होती. दुधाचे रिकामे क्रेट मांडायची आणि त्यांच्या मधून ट्रेलर मागे न्यायची. पहिल्या तासात सात क्रेट चिरडले. मी बाजूला उभी राहून डावीकडे, उजवीकडे ओरडत होते. शेवटी तिने काच खाली केली.

"ओपल, तू घरी जा. तुझं डावं कुठलं ते तुलाच माहीत नाही."

मी घरी गेले नाही, पण गप्प बसले. हळूहळू तिला एक गोम सापडली. स्टिअरिंगवरचा हात खालच्या बाजूला धरायचा. हात जिकडे जाईल, ट्रेलरचं ढुंगण तिकडे जातं. पाच वाजेपर्यंत ती क्रेटांच्या मधून अशी मागे जायला लागली, जणू भट्टीत ट्रे सरकवतेय.

गुरुवारी पहाटे पाचला निघालो. वारा उठायच्या आत पोचायचं असा बेत. मी खरं तर येणार नव्हते. तिने मला विचारलंही नव्हतं. पण माझ्या दारावरून तो पांढरा ट्रेलर जाताना दिसला आणि मी कोट घालून रस्त्यात उभी राहिले.

सत्तर मैल झकास गेले. मग खिंडीच्या उतारावर वारा भेटला. एक लांबलचक ट्रक आम्हाला घासून पुढे गेला आणि त्याच्या झोताने आमचा ट्रेलर डोलायला लागला, आधी थोडा, मग शेपूट आपटणाऱ्या माशासारखा. पिकअप त्याच्याबरोबर हलायला लागला. मी दाराचं कडं घट्ट धरलं.

"ब्रेक दाब, ब्रेक."

"नाही दाबायचा," टिली म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, दूध उतू जाताना असतो तसा. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि खालच्या खटक्याने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावला. एक झोका. दुसरा झोका, थोडा लहान. तिसऱ्याला ट्रेलर मुकाट आमच्या मागे आला.

एक मैल गेल्यावर मी दाराचं कडं सोडलं.

"हे तू कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"वाचनालयात पुस्तक आहे. तीनदा वाचलं. चौथं पान तर पाठ आहे."

साडेआठला आम्ही कोरीनच्या गल्लीत शिरलो. तिच्या दुकानासमोर दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम जागा होती. टिली पुढे गेली, थांबली, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला नेला. दुकानातून कोरीन बाहेर आली. तिच्यामागे केसांत कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या दोन बायका आल्या, शेजारच्या बँकेतला माणूस आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ट्रेलर फुटपाथला धरून सरळ उभा होता आणि पट्ट्यावाल्या बायका टाळ्या वाजवत होत्या.

टिली खाली उतरली.

कोरीन सरळ ट्रेलरमध्ये चढली. आम्ही बाहेर थांबलो. खिडकीतून दिसलं, ती पडद्याची किनार बोटांत धरून बसली होती. बऱ्याच वेळाने दारात आली.

"मला एक फेरी मारून आण," ती म्हणाली. "पुढे बसते, पिकअपमध्ये. मला तो आरशात बघायचाय."

मग मी मागच्या बाकावर आणि ती पुढे. टिलीने तिला गावाबाहेरच्या धान्याच्या कोठ्यांपर्यंत नेलं. कोरीन सगळा वेळ काच खाली करून बाजूच्या आरशात बघत होती. मागून तो पांढरा ट्रेलर वळणावळणाला तिच्याकडे येत होता. तिने एकदाच डोळे पुसले आणि वाऱ्याला शिवी दिली.

परत येताना तिने विचारलं, "लाइलचा गुडघा कसा आहे?"

"लंगडतो," टिली म्हणाली.

"डॉक्टरकडे जायचा नाहीच तो." मग ती हसली. "चल. बँकेत नोटरी बसते."

लाइलच्या सहीशेजारी तिने सही केली. मोठ्या, गोल अक्षरांत, पूर्ण नाव. नोटरीने शिक्का मारला. कोरीन कागद देताना म्हणाली, "समुद्राला गेलीस तर मला चित्राचं एक कार्ड पाठव. सरोवराचं चालेल, पण समुद्राचं जास्त चालेल."

आम्हाला लगेच निघायचं होतं, पण दहाला रस्त्यावरची दिव्यांची सूचनापाटी पेटली. हलक्या ट्रेलरांना रस्ता बंद. वारा सुटला होता. त्या रात्री कोरीनच्या मागच्या अंगणात ट्रेलरमध्येच झोपलो. शुक्रवारी सकाळीही पाटी तशीच. टिली दर अर्ध्या तासाने कोपऱ्यापर्यंत जाऊन यायची. कोर्टहाउस पाचला बंद होतं आणि मग थेट सोमवारी उघडतं. बाराला पाटी विझली. टिलीने तोंडातला घास तसाच ठेवून गाडी चालू केली.

चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही कोर्टहाउसच्या समोर होतो. मारिसेलाने दाखला घेतला, दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं, शिक्का नीट पाहिला.

"तिने केली?" ती म्हणाली.

"तिने केली."

मारिसेला भराभर टंकायला लागली. मग टिलीला शेजारच्या खिडकीत पाठवलं. तिथे राज्याचा विक्रीकर, दाखल्याची फी, पाटीची फी. एरवी वाणसामानाच्या पावतीवरचा एकेक आकडा तपासणारी माझी बहीण, तिने आकडा ऐकला आणि चेक लिहायला घेतला. लिहिताना ती हसत होती. सरकारला पैसे देताना हसणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. खाली सही केली, फक्त स्वतःच्या नावाची. इतकी वर्षं घरचे सगळे कागद ॲम्ब्रोज आणि टिली असेच असायचे. तिने पेन खाली ठेवलं आणि ती सही क्षणभर बघत राहिली.

नवीन दाखला मारिसेलाने स्वतः खिडकीतून दिला. मालक म्हणून एकच नाव होतं. सोबत नंबरपाटी आणि चार स्क्रू.

"स्क्रूड्रायव्हर आहे का?" टिलीने विचारलं.

होता. मारिसेलाने टेबलाच्या खणातून काढला आणि खिडकीवर ‘बंद’ची पाटी टांगून आमच्याबरोबर बाहेरही आली. पाचला अजून सहा मिनिटं होती. टिली गाडीतळावर गुडघ्यांवर बसली आणि तिने एकेक स्क्रू पिळला. मी मदत करायला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे." शेवटचा स्क्रू घट्ट झाल्यावर तिने काचेवरचा तो परवान्याचा कागद सोलून काढला आणि चुरगळून माझ्या हातात दिला.

"मिस टिली, आता जाणार कधी?" मारिसेलाने विचारलं.

"उजाडल्यावर."

शनिवारी साडेनऊला आम्ही सरोवरावर पोचलो. डोंगरमाथ्यावर बर्फ होतं, पाणी काचेसारखं. रेंजर हातात यादी घेऊन फाटकाशी उभा होता. त्याने ट्रेलरला एक चक्कर मारली, मागे जाऊन पाटीचा नंबर उतरवून घेतला आणि टिलीला नारिंगी जाकीट दिलं. ते तिला गुडघ्यापर्यंत आलं. तिने बाह्या दुमडल्या.

"तुमच्याबरोबर या कोण?" त्याने विचारलं.

"माझी बहीण. सरपण विकेल," टिली म्हणाली.

मी सोमवारी परत जायचं ठरवून आले होते. जून संपेपर्यंत राहिले.