लेम्पीची पहिली भट्टी

"काका, कप जरा लांब धरा. कॉफी माझ्या पाइपवर सांडेल," लेम्पी म्हणाली आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपवर तिनं तिसऱ्यांदा उतार मोजायची लेव्हल ठेवून बघितली. तिच्या काचेतला बुडबुडा हवा तिथंच होता. फुटामागं पाव इंच उतार, आणि तोही घर तापवायच्या भट्टीच्या दिशेनं, म्हणजे धुरातलं पाणी पाइपात गोठून न बसता खाली परत येतं. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि आपल्या हातानं केलेलं डोळ्यांपुढं दिसणं वेगळं. तिला एकटीलाच हसू फुटलं.

"सकाळपासून हसतेयस," आपल्या तळघराच्या पायरीवर बसलेला म्हातारा अर्वो रौटियो म्हणाला. "लग्नातसुद्धा एवढी हसली नव्हतीस. मी होतो तिथं."

"लग्नात होतं काय हसण्यासारखं?"

लेम्पी निस्काला चौपन्न वर्षांची होती. त्यातली बावीस वर्षं तिनं ऑगी झालारच्या भट्ट्यांच्या दुकानात फोन उचलण्यात काढली होती. मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या त्या खाणींच्या गावात ऑक्टोबर ते मे घर तापवल्याशिवाय माणसाचं भागत नाही, त्यामुळे गावात लेम्पीचा आवाज ओळखत नाही असं घर नव्हतं. लोक म्हणायचे, भट्टी घुरघुरतेय. ती म्हणायची, फोन भट्टीपाशी न्या बघू. आणि नुसत्या आवाजावरून सांगायची घोडं कुठं पेंड खातंय ते. दुकानातले गडी जाऊन बघायचे तर तेच निघायचं. शाबासकी मात्र गड्यांना.

नवरा गेल्यावर ती तालुक्याच्या गावी शनिवारच्या वर्गाला जाऊ लागली. पहिल्या झटक्यात परीक्षा पास झाली आणि भट्ट्या बसवायचा परवाना ऑगीच्या टेबलावर ठेवला. ऑगीनं तो उलटसुलट करून बघितला. "पहिलं काम तपासणीत एका दमात पास झालं, तर तू कामावर," तो म्हणाला. "नाहीतर फोन आहेच तुझा." आज ते पहिलं काम होतं. दोन वाजता इन्स्पेक्टर यायचा होता, आणि लेम्पीच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती.

अर्वोची जुनी भट्टी म्हशीएवढी होती. ती तुकडे करून काल बाहेर काढली होती, तिचं धुरांड्यातलं भोक बुजवलं होतं. नवी भट्टी कपाटाएवढी. अर्वोचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"धुरांडं सोडून भिंतीतून धूर काढणार," तो म्हणाला. "माझ्या बापानं ऐकलं असतं तर तुला गावात ठेवली नसती."

"तुमच्या बापाच्या भट्टीचा धूर कडक तापलेला असायचा, आपला आपण वर जायचा. हिचा कोमट. पंख्यानं ढकलावा लागतो. हा पाइप बाहेरची हवा आत घेतो, हा धूर बाहेर टाकतो. घरातल्या हवेला ती शिवतसुद्धा नाही."

"मग घरात राहते कशाला?"

लेम्पीनं गॅसच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं, गुडघे टेकून, नाक लावून बघितलं. एक फुगा नाही. मग तिनं हात पुसले आणि बटण दाबलं.

आधी लहान पंखा घरघरला. मग टिक झालं. नळीतून हवा नीट वाहतेय असं कळल्यावर एक छोटा गोल स्विच तेवढाच आवाज करतो, आणि तो झाल्याशिवाय गॅस सुटत नाही. मग आतली कांडी लालबुंद झाली, आणि फक्कन निळ्या ज्वाळांची रांग पेटली. बावीस वर्षं तिनं हे आवाज फोनवर ऐकले होते. आज ती जाळाकडे बघत बसली आणि तिचे डोळे भरून आले. आपण हे केलं, आपण एकटीनं केलं, असं तिला कुणालातरी ओरडून सांगावंसं वाटलं. पण ऐकायला फक्त अर्वो होता.

अर्वोनं वर जाऊन जमिनीतल्या जाळीवर हात धरला. वारा गरम होता. तो बराच वेळ हात धरून उभा राहिला. "मी जरा बाहेरचं आवरतो," तो जिन्यातून म्हणाला. "दरवर्षीचं काम राहिलंय."

"आवरा, आवरा," लेम्पी म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं. ती फडक्यानं भट्टीवरचे स्वतःच्या बोटांचे ठसे पुसत होती.

रूडी प्रेबिल बरोबर दोन वाजता पुढच्या दारानं आला. हा इन्स्पेक्टर तिशीतला होता, आणि फोनवर त्यानं लेम्पीच्या शिव्या पुष्कळ खाल्ल्या होत्या. त्यानं उतार मोजला, गॅसची चावी फिरवून बघितली, पाइपाचे सांधे हलवून बघितले.

"लेम्पीबाई, चूक काढायला जागा ठेवा की थोडी."

"शोध ना. डोळे दिलेत देवानं."

"आता बंद करून पुन्हा चालू करा. बाहेरची टोकं बघतो आणि सही करतो."

तिनं बटण दाबलं. पंखा घरघरला. टिक झालंच नाही. पंखा थांबला, पुन्हा घरघरला. टिक नाही. तीन वेळा झाल्यावर भट्टीनं आपणच हात टेकले आणि लाल दिवा लुकलुकू लागला.

"काय झालं?" रूडीनं विचारलं.

"बोलू नकोस." तिनं डोळे मिटले. फोन कानाला आहे आणि पलीकडे कुणीतरी गांगरलेलं आहे असं समजून तिनं एकेक बघितलं. पंखा फिरतोय. टिक होत नाही. म्हणजे हवा वाहत नाही. पाइपात पाणी नाही, उतार ठीक आहे. मग उरलं एकच. ती दोन-दोन पायऱ्या चढत मागच्या दारानं बाहेर पळाली.

उत्तरेच्या भिंतीला पेंढ्याच्या गठ्ठ्यांचे तीन थर लागले होते, अगदी ओळंब्यात. पाइपाची दोन्ही टोकं त्यांच्यामागं गडप. अर्वो वरच्या थरावर घोड्याची जुनी घोंगडी खोचत होता.

"बघ की," तो अभिमानानं म्हणाला. "तुझ्या पाइपातून सगळी ऊब बाहेर चालली होती. नुसती वाफच वाफ. हात धरला तर कोमट. घट्ट दाबून टाकली."

त्या भागातले फिनलंडहून येऊन वसलेले जुने लोक ऑक्टोबरात घराच्या पायाला असा पेंढा लावतात. वर बर्फ पडून बसतो आणि भिंतीला वारा लागत नाही. अर्वो हे साठ वर्षं करत आला होता. धूर धुरांड्यातून जायचा तोवर त्यात धोका काहीच नव्हता.

तो गोल स्विच नसता तर काय झालं असतं, हे लेम्पीच्या लगेच ध्यानात आलं. धूर घरात कोंडला असता, आणि त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. माणूस खुर्चीत बसल्याबसल्या जातो. तिनं गठ्ठा ओढून खाली टाकला, मग दुसरा. अर्वो बघत राहिला. तिनं त्याला समजावून सांगितलं, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून. ऐकता ऐकता त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"मी स्वतःलाच कोंडणार होतो की," तो म्हणाला.

रूडी मागं येऊन उभा होता. त्यानं लेम्पीला बाजूला घेतलं. "तुमचं काम नियमात आहे. टोकं नेहमीच्या बर्फापेक्षा फूटभर वर, पुस्तकात तेच लिहिलंय. 'घरमालकानं झाकलं' असं लिहितो, तुम्ही पास. ऑगीची अट मला ठाऊक आहे."

लेम्पीनं अर्वोकडे पाहिलं. तो खाली पडलेल्या गठ्ठ्यावर बसला होता. दर ऑक्टोबरात फोनवर शंभर माणसं तिला सांगायची, पेंढा लावून झाला, आता बघू भट्टी कशी चालते. सगळ्या दुकानात हे तिच्याइतकं कुणी ऐकलं नव्हतं. आणि पाइप बसवताना तिनंच अर्वोला विचारलं नाही.

"पाइप खाली बसवला असं लिही," ती म्हणाली.

"नापास होईल."

"होऊ दे. पुस्तकाला पेंढा माहीत नाही, मला माहीत होता. म्हाताऱ्याच्या माथी कशाला मारायचं? आणि लिहून झालं की जाऊ नकोस. चारच्या आत पुन्हा बघायला बोलावते."

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. तिनं पाइप कापले, कोपरे लावले, टोकं खांद्याच्या वर नेली, भिंतीला पट्ट्या ठोकल्या. अर्वो शिडी धरून उभा राहिला, आणि दर मिनिटाला विचारत होता, आता तरी वर झाला का. पाइपाच्या सांध्यांचा डिंक वाळेपर्यंत रूडी गाडीत बसून अर्वोचा वेलदोड्याचा पाव खात होता. लेम्पीला घाम फुटला होता, दोन बोटं खरचटली होती, आणि खरं सांगायचं तर सकाळपेक्षाही तिला जास्त मजा येत होती. पेंढा पुन्हा लावताना तिनं अर्वोला पाइपाभोवती हातभर मोकळी जागा सोडायला लावली. पावणेचारला पंखा घरघरला, टिक झालं, आणि घर पुन्हा तापू लागलं.

कागदावर रूडीनं लिहिलं : पहिल्या तपासणीत नापास. त्याच दिवशी दुरुस्त. खाली तिचं नाव.

तिनं अर्वोच्या स्वयंपाकघरातून आपणच ऑगीला फोन लावला. "नापास झाले. पाइप खाली घेतला. पेंढ्याचं विचारलं नाही."

"मीही विचारलं नसतं," ऑगी म्हणाला. "पण ठरलं ते ठरलं, लेम्पी."

"ठरलं ते ठरलं."

"सोमवारी आठला फोनवर."

"येते."

अवजारं आणायला ती तळघरात उतरली. भट्टी बसवणारा माणूस झाकणाच्या आतल्या बाजूला आपलं नाव आणि तारीख लिहितो, वीस वर्षांनी झाकण उघडणाऱ्या पुढच्या माणसासाठी. तिनं झाकण काढलं तशी भट्टी थांबली; झाकण उघडं असलं की ती चालतच नाही. जाड पेन्सिलीनं तिनं लिहिलं : लेम्पी निस्काला, एकोणीस ऑक्टोबर. जरा थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली : या घराला पेंढा लावतात, तीन थर, पाइप खाली आणू नका. मग झाकण बसवलं, आणि भट्टी आपली आपण पेटेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.