माझ्या लेबलावर साल नाही

मी एक जुनी बाटली आहे. खरं तर मी जुनी व्हायलाच नको होते, पण ते ओघाने येईलच. मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांचं वय अजून बसत नाही त्यांनी नुसतं ऐकावं.

माझ्या पोटात जुन्नर तालुक्यातल्या शार्दोने नावाच्या पांढऱ्या द्राक्षांची फेसाळ वाइन होती. तीन-चार सालांची वाइन एकत्र करून चव जुळवलेली, म्हणून लेबलावर साल नाही. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या पोराला शाळेत निदान एक जून तरी मिळतो. मला तेवढंही मिळालं नाही.

वाइनच्या कारखान्यातल्या तळघरात भोकं पाडलेल्या लाकडी फळीत मी मान खाली घालून असे. निमगाव साव्याचे रामदासभाऊ आणि अवसरी बुद्रुकचे सुभाषराव समोरासमोरच्या फळ्या सांभाळत. रोज प्रत्येक बाटलीला पाव वळसा द्यायचा, म्हणजे गाळ हळूहळू मानेशी उतरतो. बावीस वर्षं दोघांनी हेच केलं. चव मात्र पुण्याचे साहेब येऊन घेत, डोळे मिटून.

"पोरगी आपण वाढवायची, आन बघायला पावणं पुन्याचं," सुभाषराव म्हणत.

रामदासभाऊ निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ आणि मी असा आहेर मिळाला. चांगला दिवस बघून दोघांनी मिळून मला उघडायचं ठरलं. तिथेच घात झाला.

चांगले दिवस आपल्याकडे कमी नाहीत. पण दिवाळीत लक्ष्मीपूजन, तेव्हा बाटली नको. श्रावण नको, गणपती नकोत, नवरात्र तर नकोच. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा. मुलीच्या, नूतनच्या लग्नात रामदासभाऊंच्या बायकोने, द्रौपदाबाईंनी, माझ्यावर टॉवेल टाकला, व्याह्यांना दिसू नये म्हणून. दिवस चांगला असला की मी चालत नसे, आणि मी चालेन तो दिवस रामदासभाऊंना चांगला वाटत नसे.

अशी सहा वर्षं मी शोकेसमध्ये उभी राहिले. द्रौपदाबाई दर शनिवारी माझी धूळ पुसत. इतकी काळजी माझी कुणी घेतली नव्हती, आणि त्या काळजीतच माझे बुडबुडे मला सोडून चालले होते. मी काही आढीतला आंबा नव्हे हो, ठेवून पिकायला!

मग एका मंगळवारी सुभाषरावांचा फोन आला. रामदासभाऊ फोन स्पीकरवरच घेतात, त्यामुळे शोकेसलाही ऐकू येतो.

"रामदास, एकादशीला माळ घालतोय मी. एकदा तुळस गळ्यात आली का मंग थेंब न्हाई."

"एकादशी कवा?"

"परवा."

"मंग उद्याच ये."

"उद्या काय हाय?"

"काय बी न्हाई. बुधवार."

ती रात्र मला जड गेली. माझ्यात काही उरलं असेल का? बावीस वर्षं फिरवून जी चव दोघांनी कधी घेतली नाही, तिची ही एकच वेळ होती.

बुधवारी दुपारी तारेची जाळी सुटली. रामदासभाऊंनी मान वळवून बूच पिळलं, सुभाषरावांनी कानांवर हात ठेवले. बूच नुसता उसासा टाकून निघालं. स्टीलच्या पेल्यात रंग दिसेना, म्हणून द्रौपदाबाईंनी चहाचे काचेचे ग्लास दिले. एके काळी मी गव्हाच्या काडीच्या रंगाची होते. आता मधाकडे झुकले होते. बुडबुडे मोजके होते, पण तळातून वर येत होते.

सुभाषरावांनी साहेबांसारखे डोळे मिटले. "हिरव्या सफरचंदाचा वास गेला रं. भाजल्या शेंगदान्याचा येतोय. बेकरीतल्या पावाचाबी."

रामदासभाऊंनी घोट जिभेवर धरून ठेवला. "लिंबाची धार हाय अजून. ह्यात गारपिटीचं साल आसंल?"

"आसंल की. तवा लाइट गेल्ती. बॅटरी तोंडात धरून फिरवत व्हतो आपण."

"आन तुझी आई गेली ते साल?"

"तेबी." सुभाषरावांनी ग्लास उजेडाकडे धरला. "उशीर केला राव आपण."

"केला. पण घावली."

"संपली का एकदाची?" आतून द्रौपदाबाई म्हणाल्या. "मला शोकेसात जागा पायजे."

आता मी खिडकीत आहे, पोटात पाणी आणि मनीप्लांटची वेल. मित्रांनो, जे जपून ठेवलंय त्याची धूळ तेवढी पुसत बसू नका. एखादा बुधवार त्याला द्या.

सुभाषराव माळ घालून अजून येतात, चहा घेतात. निघताना मला पाव वळसा देतात. खाली उतरवायला गाळ काही उरलेला नाही, हे त्यांना माहीत आहे. मलाही आहे. पण मी फिरते.