दादाने पास केलेलं चाक

दादाची बोटं मेली होती आणि हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मेली म्हणजे काळीनिळी पडली नव्हती. चमचा धरत, बटण लावत, पाना फिरवत. फक्त त्यांना काही कळेनासं झालं होतं. वीस वर्षं उघड्या हातांनी थिनरमध्ये फडकी बुडवल्यावर दुसरं काय होणार? धाकटा भाऊ हातमोजे घाल म्हणून कानीकपाळी ओरडायचा, पण मोज्यातून चाक कळत नाही, हे दादाचं पालुपद. आता मोज्यांशिवायही कळत नव्हतं.

गाड्यांच्या चाकांवर रबरी लेप द्यायचं दोघा भावांचं दुकान होतं. लेप फवारला की रिम हव्या त्या रंगाची होते आणि कंटाळा आला की तो सालीसारखा सोलून काढता येतो. लोकांच्या हौशी, दुसरं काय! फवारायचं काम धाकट्याचं, चाक तयार करायचं दादाचं. आणि खरं सांगायचं तर सगळा जीव त्या तयारीतच. आधी ब्रेकची काजळी ब्रशने खरवडायची, साबणाने धुवायचं, टायर आणि रिमच्या फटीत पत्त्यांच्या जुन्या कॅटातली पानं खोचत जायचं म्हणजे टायरवर रंग उडत नाही. त्या दुकानात बदामाच्या राणीने जितके रंग अंगावर घेतले तितके कुठल्या नवरीनेही घेतले नसतील. मग थिनरचं फडकं, आणि शेवटी उघडं बोट रिमवरून ओढायचं. स्वच्छ धातूवर बोट अडखळतं. टायर चमकवायच्या तेलाचा अंश जरी राहिला असला तरी ते सरकतं. हे तेल डोळ्यांना दिसत नाही, आणि लेप त्याच्यावर धरत नाही.

बोट अडखळलं की दादा टायरवर दोन थापा मारी. चाक पास. मग धाकटा चाकाला हातही न लावता फवारायची गन उचलायचा. थोरल्याने पास केलेलं चाक पुन्हा तपासणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं, असं तो मानायचा.

गेले दोन महिने चाकं परत येत होती. लेपात बारीक खड्डे, कडांना पापुद्रे. एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा लेप तर आठवड्यात लोंबायला लागला. धाकट्याने आधी रबराचा डबा बदलला, मग नळी, मग गन. दादा गप्प बसला. तोंड उघडलं तर उरलेलं आयुष्य दारात खुर्ची टाकून चहा पीत काढावं लागेल, या भीतीने गप्प बसला. घाबरला, सरळ घाबरला.

आणि आज सकाळी धाकट्याने गन धुतली, पुसली आणि खोक्यात भरली.

"सोमवारपासून गोदामात जातोय, दादा. ट्रक भरायला."

"आणि दुकान?"

"बंद करू. माझा हात गेला रे. सगळं बदलून बघितलं, हात कसा बदलू?"

एवढा चांगला फवारणारा माणूस आता जन्मभर खोकी उचलणार होता.

"तुझा हात नाही, माझी बोटं गेलीत," दादा म्हणाला. "मला चाक कळतच नाही. अंदाजाने थापा मारतोय मी."

धाकटा हसला. "शाळेची काच मी फोडली, मार तू खाल्लास. बाबांची मोटरसायकल मी आपटली, तू म्हणालास, 'मी आपटली.' आता पुरे."

"अरे, आईशप्पथ!"

"तेव्हाही आईचीच घेतली होतीस."

दादाने त्याला ओढत समोरच्या चाकापाशी नेलं. "हे आत्ता पास केलंय मी. फिरव बोट."

धाकट्याने बोट फिरवलं. ते सुळकन सरकलं. त्याचे डोळे भरून आले.

"मुद्दाम तेलकट ठेवलंस. मला पटावं म्हणून."

आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं? इतकी वर्षं दादा बिनदिक्कत खोटं बोलला आणि प्रत्येक वेळी ते खपलं. त्याने टेप कापायची ब्लेड उचलली आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर ओढली. रक्त टपकलं. त्याचा चेहरा जराही हलला नाही.

"बघ! दुखतंय का मला? बघ ना!"

धाकट्याने ब्लेड हिसकावून भिरकावली. "वेडा झालास का? मार खातानासुद्धा कधी ओरडला नाहीस तू! माझ्यासाठी आता बोटंही कापून घेणार?"

त्याने दादाला उलट्या बादलीवर बसवलं, जखमेवर स्वच्छ फडकं दाबलं आणि वरून मास्किंग टेप गुंडाळायला लागला. लहान मुलाचं बांधावं तसं तो ते बोट बांधत होता.

"फार घट्ट झालं का?"

दादाने बोटाकडे पाहिलं. "कळत नाही रे मला," तो अगदी हळू म्हणाला.

"झालं, पुन्हा सुरू तुझं," धाकटा म्हणाला, आणि डोळे पुसत त्याने आणखी एक वेढा दिला.