व्हॉल्व्हचे दोन आटे

"पाइप ओढू नका गं बायांनो! हंडा पुढे करा, पाइप जागेवर राहू द्या!" गुणाजी ओरडला, पण जनरेटरच्या धडधडाटात त्याचं ओरडणं त्याला स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही. बायांनी तर ते ऐकायचंच नाही असं आधीच ठरवलेलं दिसत होतं. हंडे, कळशा, मासळीच्या पाट्या धुवायच्या बादल्या, जे हाती लागलं ते घेऊन त्या पाइपाच्या तोंडाशी झोंबत होत्या, आणि उरलेलं पाणी त्यांच्या पायांवरून गटारात, गटारातून समुद्रात चाललं होतं.

खारदांड्याच्या कोळीवाड्यात, एरवी बोंबील वाळत घालायच्या मोकळ्या जागेत, पालिकेची बोअर खणली होती. शहाऐंशीच्या पावसाने पाठ फिरवली होती. दिवाळी नुकतीच सरली होती आणि नळांना आत्ताच घरघर लागली होती. त्यामुळे उपनगरात जागा मिळेल तिथे बोअर खणणं चालू होतं. खणणारे आपली गाडी घेऊन पुढच्या ठिकाणी जात आणि त्यांच्यामागून पाणी तपासायला गुणाजी येई.

काम तसं सोपं. बोअरमध्ये पंप सोडायचा आणि ठरलेल्या जोराने सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी उपसत राहायचं. पाणी किती खाली जातं आणि त्याची चव फिरते का, ते बघत बसायचं. उपसलेलं पाणी फुकट जाणार हे त्यात धरलेलंच होतं. पाण्यासाठी माणसं एकमेकांची डोकी फोडत होती अशा वर्षी गुणाजीला पाणी फेकायची नोकरी होती. गिरणी होती तेव्हा तो बॉयलरवर होता. संपात गिरणी गेली, मग मेहुण्याच्या ओळखीने बोअरच्या कंत्राटदाराकडे लागला. घर कांदिवलीच्या चाळीत. तिथे त्याची बायको जानकी पहाटे नळाच्या रांगेत उभी राही, आणि तिने आणलेल्या पाण्यातलं तांब्याभर तोंडावर मारून हा गृहस्थ पाणी फेकायला बाहेर पडे. यातला विनोद सुरुवातीला त्याला कळायचा. आता तो कशालाच हसत नसे, इतका तो थकला होता.

त्या दिवशी जोडीला कोणी नव्हतं. जोडीदार लवू दिवाळीला गावी गेला तो तिकडचाच झाला होता. सकाळी पंप सुरू झाला, गढूळ पाणी निघून स्वच्छ आलं आणि गुणाजीने ओंजळीने चाखून बघितलं. गोडं होतं. समुद्र हाकेवर असताना इतकं गोडं पाणी लागेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. त्याने मान डोलावली मात्र, बायांनी जो गिल्ला केला तो जनरेटरच्या वर ऐकू आला.

त्या बायांत सगळ्यांत पुढे होती मंजुळा. डोक्यावर वेणी, कासोटा घट्ट, आणि गळा असा की लिलावात दोन मोहल्ल्यांना पुरावा. तिने कोणाशीही न झोंबता एक तपेली भरून घेतली. "मना जिभेचा भरवसा नाय," ती गुणाजीला म्हणाली. "तूरडाल शिजली तर पानी खरा." तासाभराने ती परत आली ती बोटाच्या चिमटीत शिजलेली डाळ घेऊनच. मऊ लोणी झाली होती. मग तिने आपण होऊन सगळं सांगितलं. तिची सून कमळ उन्हाळ्यात नाक्यावरच्या नळावरून भरला हंडा आणताना घसरली होती. पोटात तिसरा महिना होता, तो गेला. तेव्हापासून पोरगी माहुलला आईकडे जाऊन बसली होती.

"दोनदा आनाला गेली मी," मंजुळा म्हणाली. "मना सांगते, आये, तुमचे दारान पानी आला का दुसरे दिवशी येते. तवर नाय. माझा पोरगा मुका झालाय दादा. होरीवरशी येते नि भिंतीकरं तोंड करून झोपते. आता तुझे हातान हाय सगला."

"माझ्या हातात काय हाय बाय? पाण्याच्या हातात हाय," गुणाजी म्हणाला. हे वाक्य तो प्रत्येक बोअरवर कोणाला ना कोणाला म्हणत असे.

दुपारी ऊन डोक्यावर आलं. बाया जेवायला पांगल्या. गुणाजीने सवयीने पाइपाखाली ओंजळ धरली, घोट घेतला आणि तो तोंडात घोळवत राहिला. मग दुसरा घेतला. शेवटी, गिळून झाल्यावर, जिभेच्या कडांना काहीतरी लागत होतं. अगदी थोडं. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. पण अशा जागी एकदा ते लागलं की संध्याकाळपर्यंत वाढतंच, हे त्याने माहुलच्या बाजूला बघितलं होतं. पंप जोराने ओढतो, वरचं गोडं पाणी सरतं आणि त्या जागी समुद्र आत सरकतो. तपासणी असते ती एवढ्याचसाठी.

तो तिथेच पाइपाशी उकिडवा बसून राहिला. मंजुळा पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात अख्खी तपेलीच होती.

"दादा, डाल बग. दुपारचे पान्याची. कवाधरना चुलीवर हाय. दगर झालीय."

डाळ दगडासारखी कडक दिसत होती; गुणाजीने बोट घालून बघितलं नाही. "मलापण लागलं जिभेला," तो म्हणाला.

"आनि कोनाला सांगलंस?"

"नाय अजून. संध्याकाळी साहेब येतील. बाटली भरून नेतील. खारट निघालं की पंप काढायचा, तोंडावर झाकण ठोकायचं, संपलं."

मंजुळा खाली बसली. एवढी गळ्याची बाई, पण तिचा आवाज आता अगदी खाली आला होता. "सकाली पानी गोर होता ना? म्हंजे वर गोर हाय. जोरान खेचलास का दर्या येनारच. दर्याला मी तुझेपक्षा जास्ती वलखते. थोरा कमी खेच. आमी पन थोरा थोराच घेऊ. बायांना मी सांगेन. मी बोलली म्हंजे बोलली."

"असं नसतं बाय. पंप बसला की कोण थोडं थोडं घेत नाय."

"घेतील. नाय घेतला तर हात मोरीन एकेकीचा." मग ती थांबली आणि म्हणाली, "माझी सून येईल रे दादा."

गुणाजीला या वाक्याचा राग आला. ते खरं होतं म्हणून राग आला. त्याला उठून जावंसं वाटलं, जेवावंसं वाटलं, सगळ्यांत जास्त झोपावंसं वाटलं. बोअर बाद झाल्या की त्याला शिव्या बसत. चेंबूरला एकदा दगड बसला होता. त्याचं त्याला काही वाटत नसे. पण डाळीची तपेली मांडीवर घेऊन समोर बसलेल्या बाईचं काय करायचं, ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो उठला, व्हॉल्व्हपाशी गेला आणि त्याने चाक दोन आटे बंद केलं. पाइपातली धार हातभर मागे आली.

जेवून परतलेल्या बायांनी धार बघून कालवा केला. मंजुळेनेच त्यांना गप्प केलं. "जनरेटर दमलाय. तुमी नाय दमत का?" ती ओरडली. गुणाजी दुपारभर दर थोड्या वेळाने घोट घेत राहिला. उन्हं कलताना जिभेच्या कडांवरचं ते गेलं. तेव्हा त्याला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. चांगला पोटभर आनंद झाला.

पालिकेचे सामंत साहेब दिवेलागणीच्या जरा आधी आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. बोरिवलीपासून बांद्र्यापर्यंतच्या बोअरी त्यांच्या एकट्याच्या गळ्यात होत्या आणि चपलेचा अंगठा तुटलेला शिवायलाही त्यांना सवड नव्हती. त्यांची जीप वळणावर दिसली तेव्हा गुणाजीने व्हॉल्व्ह पुन्हा पुरता उघडला. साहेबांनी पिंप भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघितलं, एक घोट घेतला, बाटली भरून तिला बूच लावलं.

"दिवसभर हाच जोर होता ना?"

"होय साहेब."

"कमाल आहे! समुद्राला लागून असं पाणी! इथे मोठा पंप बसवू या. सगळी वाडी निघेल."

गुणाजी व्हॉल्व्हपासून पुढे आला. "साहेब," तो म्हणाला, "हातपंप बसवला तर? म्हणजे... लोकांना ओढायला बरा."

"हातपंप?" साहेब हसले. "गुणाजी, दिवसभर एवढं पाणी देऊन न दमणारी बोअर, आणि तिच्यावर हातपंप? मी वर काय सांगू?"

आता सांगायचं तर दुपारपासूनचं सगळं सांगावं लागलं असतं. हातपंप हेच इथलं खरं औषध होतं. वाडीला थोडं थोडं, पण गोडं पाणी मिळत राहिलं असतं. दुपारी व्हॉल्व्हला हात न लावता आता तो खरं बोलला असता, तर त्यासाठी साहेबांशी दोन शब्द भांडताही आलं असतं. पण त्याने आपलंच तोंड बंद करून घेतलं होतं. मागे कोणीतरी नारळ फोडला. बायांनी बोअरला हळदकुंकू लावलं, मंजुळेने खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला, आणि साहेबांच्या देखत त्याला तो हसून खावा लागला.

घरी जानकीने ताट वाढलं. "लागला पाणी?" तिने विचारलं.

"लागला."

"गोडा?"

"गोडा."

"मगे तोंड असा कित्या केल्यात?"

"काय नाय गो. दमलंय," गुणाजी म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

मोठा पंप बसला. त्यापुढची हकिगत सांगायला फार काही नाही. मंजुळेने आपला शब्द पाळायचा प्रयत्न केला. सुरुवातीला ती पंपापाशी पाट टाकून बसायची, कोणी जास्त हंडे लावले की भांडायची. पण नळाचं पाणी आणखी कमी झालं तसे शेजारच्या वस्त्यांतले लोकही यायला लागले, आणि तहानलेल्या माणसाचा हात मोडणं तिला काही जमलं नाही. होळीनंतर चहा फाटू लागला. चैत्रात पाणी तोंडात धरवेना.

मे महिन्यात गुणाजीला पंप उतरवायला पाठवलं. त्याने जायचं टाळून बघितलं, पण गावाहून परतलेला लवू दुसऱ्या बोअरवर होता. त्याने पंपाच्या नटांना पाना लावला तशी माणसं जमली.

"हाच तो! यानीच टेस्टिंग केलेली," एक म्हातारा ओरडला. "काय रे, तवा जीभ काय घरी ठेवून आलेलास?"

गुणाजी पाना फिरवत राहिला. त्याला खरं तर बरं वाटलं होतं. कोणीतरी विचारायला हवंच होतं. पण गर्दीतून मंजुळा पुढे आली.

"त्याला कशाला बोलतंस? तवा पानी गोरच होता. तू पन पिलास. दर्याचा होता, दर्यानी नेला. जा, आपापले घरा जा." एवढं बोलून ती त्याच्याकडे न बघता निघून गेली. त्याच्या वाट्याच्या शिव्या तिने परतवून लावल्या होत्या. त्याला त्या हव्या होत्या. आता त्याच्याजवळ नुसती शरम उरली.

माणसं पांगली. गंजलेले नट निघता निघत नव्हते. तेवढ्यात नाक्याकडून एक तरुण बाई हंडा घेऊन आली आणि तिने तो बोअरच्या सिमेंटच्या ओट्यावर टेकवला. चुंबळ काढून घाम पुसला, कमरेवर हात ठेवून दम खात उभी राहिली. बाई गरोदर होती. पाचवा असावा. गुणाजीने तिला यापूर्वी कधी बघितलं नव्हतं, तरी ती कोण ते त्याला विचारावं लागलं नाही.

"काका, काढून नेताव का पंप?" तिने विचारलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"होय पोरी."

"सासूबाय बोलली, गोर पानी लागला, म्हनून आली मी माहुलवरशी." ती ओशाळं हसली. "आता कशी परत जाऊ? मानूस एकदा आपल्या घरान आला का आला."

"तू नको उचलू हंडा," गुणाजी म्हणाला. "मी पोचवतो घरापर्यंत."

"आज पोचवशील काका. उद्या?" तिने चुंबळ पुन्हा डोक्यावर ठेवली. "नुसता हात लाव. वाकाला नाय होत मना."

गुणाजीने पाना खाली ठेवला. गंजाचे हात पँटला पुसले, हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. पाणी डचमळलं. ते शांत होईपर्यंत तो हंडा धरून उभा राहिला. मग तिने मान सावरली, एक हात वर घेतला आणि म्हणाली, "सोर आता."

त्याने हात सोडले.