फोटो स्वच्छ आहे

रूट कॅनल करून महिना झाला, तरी प्लंबरकाकांचा दात ठणकतच होता. वरचा, डावीकडचा, शेवटून दुसरा. गरम चहा लागला की कळ थेट कानात जायची.

“बाबा, परत दाखवा ना,” लेक म्हणाली.

“दाखवलं की. फोटो स्वच्छ आहे म्हणते तुझी डॉक्टरीण. धीर धरा म्हणते.”

हे शब्द काकांच्या ओळखीचे होते. बायकोच्या वेळीही हेच. रिपोर्ट स्वच्छ आहेत, पित्त आहे, धीर धरा. धीर धरता धरता ती आठ महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून ‘स्वच्छ’ म्हटलं की काकांना आत काहीतरी कुजल्याचा वास यायचा.

पण जेवण निम्म्यावर आलं होतं. दात उपटून टाकायचा, की त्याच बाईच्या हाती पुन्हा द्यायचा, हे ठरवणं भाग होतं. ती आता शेजारच्या दाताचं नाव घेणार, अशी काकांची खात्री होती. धंद्यातली जुनी युक्ती. आपण केलेल्या पाइपच्या सांध्यातून पाणी आलं की वरच्या मजल्याकडे बोट दाखवायचं.

काकांचीही एक रीत होती. हाताखाली कामाला आलेल्या नव्या माणसाला ते गळती कुठं आहे हे सांगत नसत. ओल दिसते तिथंच जो भिंत फोडायचा, त्याला चहा पाजून घरी पाठवत.

दवाखान्यात बूट बाहेर काढून ते खुर्चीत आडवे झाले. लेक बाहेर बसली.

“कुठं दुखतंय, काका?”

“तुम्हीच शोधा.”

डॉक्टरीणबाईंनी आरशाच्या दांड्यानं एकेक दात ठोकायला सुरुवात केली. काकांनी चेहरा भिंतीसारखा ठेवला. दुखऱ्या दातावर ठोका बसला. कळ मस्तकात गेली, पण पापणी हलली नाही. बाई शेजारच्या दातावर गेल्या. झालं, काका मनात म्हणाले, निघाली वरच्या मजल्यावर.

पण बाई मागे आल्या. पुन्हा ठोकलं.

“हाच. मी केलेला.”

“लेकीनं सांगितलं?”

“तिला विचारलंच नाही. तुमच्या अंगठ्यानं सांगितलं. दोन्ही वेळा आखडला.”

काकांनी खाली पाहिलं. फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. बायकोही असंच पकडायची. हे “काही दुखत नाही” म्हणाले की ती तोंडाकडे बघायचीच नाही, पायाकडे बघायची. घरात दुसऱ्या कुणालाच ही खूण ठाऊक नव्हती.

बाईंनी तिरका फोटो काढला.

“हे बघा. मुळांतल्या तीन नळ्या मी भरल्या. चौथी पहिलीच्या मागे लपलीय. सरळ फोटोत दिसली नाही. पण मी शोधायला हवी होती. चुकलं माझं.”

आठ महिन्यांत कुणीतरी काकांना एवढंच म्हणायला हवं होतं.

“आणि आतही नाही सापडली तर?”

“तर ज्यांना सापडते त्यांच्याकडे पाठवीन. उगाच खोदत बसणार नाही.”

काका पुन्हा आडवे झाले.

“भूल देतेय. दुखलं तर हात वर करा.”

काकांनी लगेच हात वर केला.

“अहो, मी अजून सुईसुद्धा उचलली नाही!”

“माहीत आहे,” काका म्हणाले. “आधीच सांगून ठेवतो. दुखतंय.”